‘लोकलहोस्ट’ बंद पडले? फायरवॉलला हात लावण्याआधी हे तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड केल्यावर ‘लोकलहोस्ट’वरचा (संगणक स्वतःलाच ज्या नावाने हाक मारतो त्या नावावरचा) प्रोग्राम उघडेनासा झाला, तर फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारी गाळणी) बंद करून नेटवर्क रीसेट करावे, असा सल्ला आपल्या संगणकविषयक सदरात वाचला. तो सोपा असला तरी चुकीचा आहे. रीसेटमुळे व्हीपीएनची जुळणी, हाताने भरलेले डीएनएस पत्ते, साठवलेले वाय-फाय यांवर पाणी सोडावे लागू शकते आणि मूळ दुखणे बहुतेक वेळा तिथे नसतेच.

लूपबॅक हा संगणकाने स्वतःशीच बोलण्याचा मार्ग. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत १२७ ने सुरू होणारे सगळे, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते त्यासाठी राखून ठेवले आहेत; आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत एकच, ::१. ‘लोकलहोस्ट’ हे याच पत्त्यांचे नाव. या पत्त्यांवरचे पॅकेट (माहितीचा तुकडा) नेटवर्क कार्डापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे केबल काढली, राउटर बंद केला तरी लूपबॅक चालायला हवे. ते चालत नसेल तर इंटरनेट कंपनीला फोन करून काही हाती लागणार नाही. डेटाबेस, अकाउंटिंगचे सॉफ्टवेअर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वाचणारी युटिलिटी असे बरेच काही यावर अवलंबून असते.

तपासणी पत्ता, नाव, पोर्ट (एकाच पत्त्यावरचे प्रोग्राम वेगळे ओळखणारा क्रमांक) या क्रमानेच करावी. आधी टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘पिंग १२७.०.०.१’ द्या आणि उत्तर येते का पाहा. विंडोजवर याला उत्तर न येणे दुर्मीळ. लिनक्सवर ‘एलओ’ हा लूपबॅकचा इंटरफेस (जोडणीचे दार) बंद पडलेला असू शकतो. ‘आयपी लिंक सेट एलओ अप’ या आज्ञेने तो तात्पुरता उठतो. जुन्या पद्धतीची इंटरफेसेस फाइल वापरात असेल, तर तिच्यात ‘ऑटो एलओ’ ही ओळ शाबूत आहे का ते पाहा. मॅकची तऱ्हा वेगळी. लिनक्स आणि विंडोज १२७ च्या संपूर्ण गटाला उत्तर देतात, मॅकवर मात्र मुळात फक्त १२७.०.०.१ जोडलेला असतो. १२७.०.०.२ हवा असेल तर तो ‘आयएफकॉन्फिग’ या आज्ञेने एलओ० या मॅकच्या लूपबॅक इंटरफेसवर उपनाव म्हणून जोडावा लागतो आणि ते उपनाव मशीन रीस्टार्ट झाले की जाते. अपग्रेडमध्ये रीस्टार्ट आलाच, म्हणून दोष अपग्रेडच्या माथी बसतो. कायमचा उपाय म्हणजे लायब्ररीतल्या ‘लाँचडेमन्स’ फोल्डरमध्ये ही आज्ञा चालवणारी प्लिस्ट (सेटिंगची फाइल) ठेवणे. तिची मालकी रूट या मुख्य खात्याकडे, गट व्हील आणि परवानगी ६४४ हवी. इतरांना लिहिता येईल अशी फाइल ‘लाँचडी’ हा या फाइली चालवणारा मॅकचा प्रोग्राम नाकारतो.

पत्ता चालतो पण नाव चालत नाही, हा प्रकार जास्त सतावतो. ‘लोकलहोस्ट’ या नावाला दोन पत्ते आहेत आणि नव्या सिस्टीम बहुधा ::१ आधी देतात. प्रोग्राम फक्त १२७.०.०.१ वर ऐकत (येणारी जोडणी स्वीकारत) असेल तर ::१ वर नकार मिळतो. ब्राउझर गुपचूप दुसरा पत्ता वापरून पाहतो, म्हणून पान उघडते. पण त्याच पोर्टशी बोलणारा दुसरा प्रोग्राम अडतो. नोड.जेएस या जावास्क्रिप्ट प्रोग्राम चालवणाऱ्या साधनाच्या २०२१ मध्ये आलेल्या १७ व्या आवृत्तीपासून पत्त्यांचा क्रम जसा येईल तसाच ठेवला जाऊ लागला, तेव्हा अनेकांची चालती कामे अशीच अडली. उपाय दोन: सेटिंगमध्ये नावाऐवजी सरळ १२७.०.०.१ लिहा, नाहीतर प्रोग्रामला दोन्ही पत्त्यांवर ऐकायला लावा. आयपीव्ही६ बंद करणे हा उपाय नव्हे; त्याने दुसरेच काहीतरी मोडते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आणखी एक मेख आहे. लिनक्स आणि मॅकवर ‘लोकलहोस्ट’ लिहिले की तो नेटवर्कने जातच नाही, सॉकेट फाइल (एकाच संगणकावरच्या प्रोग्रामांना जोडणारी खास फाइल) वापरतो. अपग्रेडमध्ये त्या फाइलची जागा बदलली असेल तर नावाने जोडणी होत नाही आणि १२७.०.०.१ ने होते.

होस्ट्स फाइल (कोणत्या नावाचा कोणता पत्ता, याची संगणकावरची यादी) जरूर पाहावी, पण समजून. विंडोज ७ पासून तिच्यातल्या लोकलहोस्टच्या ओळींपुढे हॅशचे चिन्ह मुद्दामच असते, कारण ते नाव सिस्टीम स्वतः सोडवते. ते पाहून फाइल बिघडली असे समजू नये. नोटपॅडमधून जतन करताना फाइलला ‘.टीएक्सटी’ हे शेपूट लागले, तर तिच्यातले बदल वाचलेच जात नाहीत. डेबियन आणि उबुंटूत संगणकाचे स्वतःचे नाव १२७.०.१.१ या ओळीत असते. नाव बदलले आणि ही ओळ जुनीच राहिली, की ‘सुडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारा प्रोग्राम) होस्ट सापडत नसल्याची कुरकुर करू लागतो.

आता पोर्ट. इथे पडद्यावर आलेला त्रुटीचा संदेश नीट वाचला की अर्धे काम होते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’चा अर्थ बहुतेक वेळा असा की मशीनने उत्तर दिले, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही, तिथे फायरवॉल बंद करून काय साधणार? बराच वेळ थांबून ‘टाइम्ड आउट’ आले, तरच पॅकेट कोणीतरी गिळते आहे असा संशय घ्यावा. लिनक्सवर तो संशय अनेकदा खरा ठरतो. डेबियन १० पासून आयपीटेबल्स या फायरवॉलचे नियम लिहिण्याच्या साधनाच्या मागे एनएफटेबल्स ही नवी यंत्रणा आली. नियम नव्याने लिहिताना ‘एलओ’वरून येणारे सगळे स्वीकारा, ही ओळ राहून गेली किंवा नकाराच्या ओळीखाली गेली, तर लूपबॅक बंद पडते.

पोर्ट कोणी धरले आहे हे विंडोजवर ‘नेटस्टॅट’ला ए, एन, ओ हे पर्याय जोडून कळते, शेवटच्या रकान्यातला प्रोसेस क्रमांक टास्क मॅनेजरमध्ये शोधावा. लिनक्सवर ‘एसएस’ला एल, टी, एन, पी जोडा, मॅकवर ‘एलएसओएफ’. मॅकच्या मॉन्टेरे आवृत्तीपासून (२०२१) ५००० आणि ७००० ही पोर्ट एअरप्ले रिसीव्हर (दुसऱ्या उपकरणावरचे चित्र-आवाज मॅकवर घेणारी सोय) घेतो. ५००० वर ४०३ (प्रवेश नाकारला) असे उत्तर येत असेल तर ते तुमच्या प्रोग्रामचे नसून त्याचे असण्याची शक्यता मोठी. रिसीव्हर बंद करा किंवा आपले पोर्ट बदला.

विंडोजवर याहून फसवा प्रकार आहे. नेटस्टॅटमध्ये पोर्ट रिकामे दिसते, तरी प्रोग्राम १००१३ या क्रमांकाची त्रुटी दाखवून बंद पडतो. कारण हायपर-व्ही (संगणकात आभासी संगणक चालवणारी विंडोजची सोय) सुरू असल्यास सिस्टीम पोर्टचे गठ्ठेच्या गठ्ठे राखून ठेवते आणि रीस्टार्टनंतर ते बदलू शकतात. ‘नेटश इंटरफेस आयपीव्ही४ शो एक्सक्लूडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी’ ही आज्ञा यादी दाखवते. आपले पोर्ट त्यात असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून ‘विननॅट’ ही विंडोजची नेटवर्क सेवा थांबवा, प्रोग्राम सुरू करा, मग सेवा परत चालू करा.

कधी दोष खरोखर अपडेटचाच असतो. १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ अपडेटने, केबी५०६६८३५ ने, एचटीटीपी.सिस हा विंडोजचा वेब विनंत्या हाताळणारा भाग वापरणाऱ्या, आयआयएससारख्या (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) सर्व्हरची लोकलहोस्टवरची जोडणी तोडली होती. मायक्रोसॉफ्टने ते मान्य करून दुरुस्ती दिली. तिथे अपडेट पुन्हा तपासून मशीन रीस्टार्ट करणे हाच मार्ग होता, होस्ट्स फाइल कितीही उकरली तरी काही झाले नसते.

आणखी एक सल्ला सर्रास दिला जातो: प्रोग्रामला ०.०.०.० वर, म्हणजे संगणकाच्या सगळ्याच पत्त्यांवर, ऐकायला लावा. त्याने काम होते, पण प्रोग्राम नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनसाठी उघडा होतो. पासवर्ड नसलेला डेटाबेस असा उघडा ठेवणे धोक्याचे आहे.

सदरात प्रश्न पाठवणाऱ्यांकडून तीन गोष्टी मागवाव्यात, अशी विनंती आहे: त्रुटीचा संदेश जसाच्या तसा; १२७.०.०.१, ::१ आणि लोकलहोस्ट या तिघांना पिंग केल्यावर आलेले उत्तर; आणि ते पोर्ट कोणत्या प्रोसेसकडे आहे ते. एवढे हाती असेल तर उत्तर देणाऱ्याला अंदाजाने रीसेट सुचवावे लागणार नाही.

आपला,
एक वाचक, नेटवर्क प्रशासक