रेमंड हिल यांना, यूब्लॉक ओरिजिनसाठी

प्रिय रेमंड हिल यांस,

स. न. वि. वि.

तुम्ही देणगी घेत नाही, म्हणून निदान हे पत्र. २०१४ साली तुम्ही यूब्लॉक लिहिलंत, म्हणजे जाहिराती आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्ट अडवणारं, ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन. २०१५ मध्ये मूळ प्रकल्प दुसऱ्यांच्या हाती सोपवलात आणि यूब्लॉक ओरिजिन या नावाने स्वतःची वेगळी आवृत्ती पुढे चालू ठेवलीत. आज जगभरात कोट्यवधी लोक ती वापरतात. पैसे नाहीत, खातं काढायची सक्ती नाही, कोड सगळ्यांना खुला.

नुसत्या जाहिराती गेल्या म्हणून आभार मानायचे असते तर दोन ओळी पुरल्या असत्या. ब्राउझर ज्याचा, त्यात काय चालावं हे त्यानेच ठरवावं, हे तुम्ही इतकी वर्षं धरून ठेवलंत, त्याचं मोल मला जास्त वाटतं.

मी पोटापाण्यासाठी वेबसाइट बनवतो. तरी एखादं पान उघडताना पडद्यामागे काय काय घडतं, ते मला खरं दिसलं तुमच्या लॉगरमध्ये, म्हणजे पानाच्या प्रत्येक विनंतीची नोंद दाखवणाऱ्या खिडकीत. एका मराठी बातमीचं पान उघडलं. मथळा, एक फोटो, पाच-सहा परिच्छेद. लॉगरमध्ये मात्र ओळींमागून ओळी येतच होत्या: फॉन्ट, व्हिडिओ प्लेयर, जाहिरातींचे सर्व्हर, माग काढणाऱ्या स्क्रिप्ट. अडवलेल्या ओळी लाल. प्रत्येक ओळीवर क्लिक करून विचारता येतं, काय अडवायचं हे सांगणाऱ्या याद्यांपैकी कोणत्या यादीतल्या कोणत्या नियमाने ही अडवली? आता एखादा ग्राहक म्हणतो, "ही एवढी एकच स्क्रिप्ट टाका ना," तेव्हा मी लॉगर उघडून त्याला दाखवतो, की त्या एकीच्या मागून किती जणी येतात. बहुतेकदा पुढे वाद घालावा लागत नाही.

आणि ते 'हेही वाचा'! मराठी बातम्या वाचणाऱ्या कुणालाही सांगायला नको. दर दोन परिच्छेदांनंतर मध्येच दुसऱ्याच बातमीची लिंक. तुमच्या फिल्टरमध्ये मजकुरावरून घटक ओळखायची सोय आहे आणि ती देवनागरीतही चोख चालते. ज्या परिच्छेदात 'हेही वाचा' असेल तो लपव, असा एका ओळीचा नियम मी लिहिला. तो त्या साइटपुरता आणि फक्त परिच्छेदापुरता बांधावा लागतो, नाहीतर बाहेरची अख्खी चौकट, म्हणजे सगळा लेखच गायब होतो. तेव्हापासून त्या साइटवर बातमी सलग वाचता येते. ज्या वर्तमानपत्राची मी वर्गणी भरतो, तिथे तुमचं ते मोठं पॉवर बटण दाबून अडवणं बंद ठेवतो. त्यांचंही पोट चालायला हवं, आणि ही निवडही तुम्ही माझ्याच हाती ठेवलीत.

वडिलांच्या अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन बसवून दिलं. आरत्या-स्तोत्रांच्या साइटवर 'डाउनलोड' लिहिलेली जी खोटी बटणं असतात, ती त्यांना आता दिसत नाहीत. फक्त एवढ्यासाठीसुद्धा मी तुमचा ऋणी आहे.

मग क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले. पूर्वी पानाची प्रत्येक विनंती बाहेर पडण्याआधी तुमचा कोड ती तपासून अडवू शकायचा. मॅनिफेस्ट व्ही३ या नव्या नियमावलीत नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे द्यायची आणि अडवायचं काम त्याने करायचं. त्या चौकटीत बसेल असं यूब्लॉक ओरिजिन लाइट तुम्ही वेगळं लिहिलंत, पण जुन्याच्या जागी ते परस्पर बसवलं नाहीत. दोन्हींत फरक बराच आहे, निवड वापरणाऱ्याने करावी, ही तुमची भूमिका. एवढे वापरकर्ते हातचे जाऊ शकतात हे दिसत असताना असं वागणं सोपं नाही. फायरफॉक्सने जुनी वाट खुली ठेवली आहे, म्हणून मी तिकडे गेलो आणि घरच्यांनाही नेलं.

मदत करायचीच असेल तर याद्या सांभाळणाऱ्यांचा विचार करा, असं तुम्ही लिहून ठेवलं आहे. म्हणून हे आभार त्यांनाही. ईझीलिस्ट, ईझीप्रायव्हसी, पीटर लो यांची यादी, तुमच्या स्वतःच्या याद्यांवर राबणारे सगळे. साइटने कोड बदलला की यांचं काम पुन्हा सुरू, आणि आम्हाला कळतही नाही. मराठी साइटवर काही मोडलेलं दिसलं, की कोणता नियम आडवा येतोय ते लॉगरमध्ये शोधून मी एक्स्टेन्शनमधूनच रीतसर कळवतो. पैसे तुम्ही घेणार नाही, तेव्हा हे काम तरी माझ्याकडे राहू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पुण्याचा एक वापरकर्ता