ओट्यावरचं पातेलं

नौपाडा, ठाणे
रविवार, २२ जून २०२५

प्रिय सुनी,

तुझा फोन दोनदा घेतला नाही तर तू सरळ 'मेलीस का गं' असा मेसेज टाकलास. मेले नव्हते, पण त्या दिवशी नुसत्या रसावर होते, म्हणजे जवळपास तेच. फोनवर सांगायला गेले असते तर तू खिदळत बसली असतीस, पुढचं बोलूच दिलं नसतंस. म्हणून पत्र. चहा घेऊन बस.

झालं असं, की एप्रिलमध्ये ऑफिसची तपासणी झाली आणि माझं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी, निघालं ६.१. ५.७ च्या आत असलं तर ठीक, ६.५ झालं की मधुमेह. म्हणजे मी ना घरात ना अंगणात, मधे ओसरीवर. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, खाणं बघा." मी नेमकं उलटं केलं. भरपूर घाबरले आणि शेजारणीच्या नादी लागून तीन दिवसांचं 'क्लेन्झ' मागवलं. दिवसाला रसाच्या सहा बाटल्या, बाकी तोंडात काही घालायचं नाही. किती पैसे गेले ते सांगत नाही. एक बरी इरकल आली असती.

पहिला दिवस हौसेत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोकं ठणकायला लागलं. संध्याकाळी ऐरोलीहून ठाण्याला उतरले आणि जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पडले नाही, कारण सहाच्या गर्दीत आपल्या स्टेशनवर पडायलाही जागा लागते. एका कॉलेजच्या पोरीने दंडाला धरून पुलाच्या कडेला उभं केलं आणि पर्समधून राजगिऱ्याची चिक्की काढून दिली. चौथी बाटली पिशवीत तशीच होती. तिच्या साक्षीने मी चिक्की खाल्ली आणि क्लेन्झचं उद्यापन झालं.

काटा मात्र दीड किलो खाली! पाच दिवसांत ते दीड किलो सुखरूप घरी परतलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, लिव्हरमध्ये आणि स्नायूंत जी साखर साठवलेली असते ना, ग्लायकोजेन, तिच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. उपाशी राहिलं की आधी ती साखर आणि ते पाणी जातं, चरबी बसलेली जागेवरच. आणि डोकेदुखी? बाटल्यांबरोबरच्या पत्रकात लिहिलं होतं, की ती 'विषारी द्रव्यं बाहेर पडताना' होते. डॉक्टर म्हणाले, "रोज किती चहा?" म्हटलं, चार, कधी पाच. "एकदम बंद केलात ना? मग ती चहाची तल्लफ आहे. विषाचं म्हणाल तर लिव्हर आणि किडन्या ते काम रोज करतात, बाटल्या न मागवता." शिवाय चोथा गाळून फळाचा रस प्यायला, की त्यातली साखर भराभर रक्तात जाते; तेच फळ चावून खाल्लं तर सावकाश. सुनी, तू शुगरच्या गोळ्या घेतेस. डॉक्टरांना न विचारता तू असले प्रयोग अजिबात करायचे नाहीस. गोळी पोटात आणि अन्न नाही, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. मला निदान ती चिक्कीवाली भेटली.

तर मग मी माझंच काहीतरी काढलं. बंद काहीच करायचं नाही, एकवीस दिवस फक्त वहीत लिहायचं. तुला माझं माहेरचं वाण्याच्या हिशेबाचं रक्त माहीत आहे. पहिल्या पानावर साखर. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे साधारण सहा चमच्यांच्या आत ठेवली तर उत्तम. माझे चार चहाच आठ चमच्यांचे होते. बिस्किटं पुढच्या ओळीत.

पण खरी गंमत पुढे. वहीत माझं जेवण अगदी शहाण्या बाईचं दिसत होतं. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण-भात. मग कमरेचा घेर येतो कुठून? चौथ्या दिवशी रात्री ओटा आवरताना माझा हात आपोआप कुकरमध्ये गेला, तळाचा भात काढला, उभ्या उभ्या तोंडात. तेव्हा ट्यूब पेटली. हे मी लिहितच नव्हते! हे माझ्या लेखी जेवणच नव्हतं, आवराआवर होती.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर एक छोटं पातेलं ठेवलं. असं जे जे तोंडात जाणार, ते आधी त्यात. चिरंजीवांच्या डब्यातून परत आलेली अर्धी पोळी आणि बटाट्याच्या चार काचऱ्या. ह्यांनी 'पोट भरलं' म्हणून ठेवलेला भात. सासूबाईंच्या वाटीतला शिऱ्याचा शेवटचा घास. वरणाचा तळ. पापडाचे तुकडे. रात्री साडेदहाला पातेलं काठोकाठ. सुनी, ते एका माणसाचं पूर्ण जेवण होतं, आणि ते मी रोज खात होते, बहुधा लग्न झाल्यापासून. भूक म्हणून एक घासही नाही.

सासूबाईंनी पातेलं पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांना वाटलं, मी हे टाकणार. त्या सांगोल्याच्या, बहात्तरच्या दुष्काळात बारा वर्षांच्या होत्या. आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायच्या, तिथे सुकडी मिळायची, घरी परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरी. "आमच्यात ताटाला चिकटलेलं शीतसुद्धा बोटाने उचलायचे," म्हणाल्या. मी काय बोलणार? शेवटी त्यांनीच तोड काढली. म्हणाल्या, "तुझं पोट म्हणजे काय उकिरडा आहे का? रांधतानाच मूठभर कमी घे." आता तांदळाचं माप त्याच घेतात, आणि तरी उरलं तर सकाळी फोडणीची पोळी नाहीतर थालीपीठ. पहिल्या आठवड्यात दोनदा भात कमी पडला आणि चिरंजीवांनी घर डोक्यावर घेतलं. घेऊ देत.

बाकी फार काही केलं नाही. चहा दोन कप, त्यात अर्धा-अर्धा चमचा. रात्री नाचणीची भाकरी. एकादशीला साबुदाणा नाही, कारण तो निव्वळ स्टार्च; वरीवर दाण्याची आमटी. एकादशी दुप्पट खाशी हे आपण म्हणायचो ते गमतीत नव्हतं गं.

आणि एक नवा नाद लागलाय. पाऊस सुरू झाल्यापासून जांभळी नाक्याच्या बाजारात मुरबाड-शहापूरकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. परवा शेवळं आणली. जांभळट-तपकिरी, मिटलेल्या छत्रीसारखी दिसतात. कशी करायची ते विकणाऱ्या मावशींनीच दाखवलं: वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग कापून टाकायचा, तो घशाला खाजतो. बरोबर काकडं नावाची हिरवी आंबट फळं दिली, ती ठेचून घातलीच पाहिजेत म्हणाल्या. घरी आल्यावर अर्धा तास तेवढ्या जुडीपाशी बसून होते. शिजून वाटीभर भाजी झाली. जराशी खाजलीच, काकडं कमी पडली असणार. सासूबाईंनी एक घास खाऊन "बरी आहे" म्हटलं आणि लोणचं मागितलं.

वजन दोन महिन्यांत अडीच किलो कमी. रक्त जुलैच्या शेवटी पुन्हा तपासायचं. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून आधी करून उपयोग नाही. ६.१ चं काय होतं ते कळवीन. वाढलं असेल तरी कळवीन, हसू नकोस.

तू श्रावणात येणार आहेस ना? येताना तुमच्याकडचा भडंग आण, लहान पुडा. मामलेदारची मिसळ खायला जाऊच, मी काही संन्यास घेतलेला नाही. फक्त तुझ्या ताटलीतला उरलेला पाव माझ्याकडे सरकवायची तुझी कॉलेजपासूनची सवय आहे ना, तो आता तूच संपव.

तुझी,
मनी