तो मळका कागद फेकू नकोस

रेडिंग,
रविवार, संध्याकाळ

चि. चिऊस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

काल कोलोनहून फोनवर तू घेतलेल्या जुन्या नाण्याबद्दल पंधरा मिनिटं बोललीस आणि ठेवता ठेवता म्हणालीस, "पाकिटात एक मळका कागदाचा तुकडापण आलाय, शाईनं काहीतरी खरडलंय, टाकून देऊ ना?" मी "थांब" म्हणेपर्यंत तुझी ट्राम आली आणि फोन बंद झाला. रात्री मेसेज टाकला आहेच, पण हे मेसेजात मावणारं नाही. तो कागद टाकू नकोस. का, ते सांगतो, पण आधी तुझ्या नाण्याविषयी बोलू दे, कारण फोटो पाहिल्यापासून मला राहवत नाहीये.

छापाच्या बाजूला रोमचा बादशहा नीरो आहे, डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट. उलट बाजूला एका स्त्रीचं मुख आहे आणि तिनं डोक्यावर हत्तीच्या मस्तकाचं कातडं ओढून घेतलंय. सोंड वर आलेली दिसते ना? ती अलेक्झांड्रिया. इजिप्तमधलं ते शहरच देवता होऊन नाण्यावर बसलंय. तिच्या चेहऱ्यासमोर इंग्रजी एलसारखी एक खूण आहे आणि तिच्यानंतर दोन ग्रीक अक्षरं, योटा आणि बीटा. ती खूण म्हणजे 'वर्ष'. योटा म्हणजे दहा, बीटा म्हणजे दोन. नीरोच्या राज्याचं बारावं वर्ष. विकणाऱ्यानं लेबलवर ते छापलं असेलच, तरी भिंग घेऊन एकदा स्वतः वाच. रोममध्ये पाडलेल्या नाण्यावर बादशहाच्या पदव्या मोजून वर्षाचा अंदाज बांधावा लागतो. इजिप्तचं नाणं आपलं वर्ष सरळ तोंडावर सांगतं. मी या नाण्यांत अडकलो तो याच एका गोष्टीमुळे.

फक्त एक मेख लक्षात ठेव. इजिप्तचं नवं वर्ष थोथ महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे बहुतेक वर्षी 29 ऑगस्टला सुरू व्हायचं. बादशहा गादीवर आला की त्याचं पहिलं वर्ष सुरू, आणि 29 ऑगस्ट उजाडला की लगेच दुसरं. दसऱ्याला दुकान उघडलं आणि पाडव्याला नवी वही घातली, तर तीन आठवड्यांतच दुसऱ्या वहीवर लिहायला लागतो, तसं. नीरोनंतरच्या गाल्बानं जेमतेम सात महिने राज्य केलं, इसवी सन 68 चा जून ते 69 चा जानेवारी. तरी त्याची दुसऱ्या वर्षाची नाणी आहेत. त्या हिशेबानं तुझं नाणं 29 ऑगस्ट 65 ते 28 ऑगस्ट 66 या बारा महिन्यांत पडलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तूचं वर्ष इतकं नेमकं सांगता येतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. आणि नववं वर्ष आलं की बऱ्याचदा आकडा न घालता 'नववे' हा शब्दच ग्रीकमध्ये लिहिलेला सापडेल. नऊसाठीचं अक्षर थीटा, आणि मृत्यूसाठीचा ग्रीक शब्दही थीटानंच सुरू होतो, म्हणून ते अक्षर टाळलं असं मानतात.

तू विचारलंस, चांदीचं नाणं म्हणतात मग असं मळकट राखाडी का? कारण त्यात चांदी साधारण सहावा हिस्साच आहे, बाकी तांबं. इसवीसनापूर्वी 30 मध्ये इजिप्तची राणी क्लिओपात्रा गेली आणि रोमच्या ऑक्टेव्हियननं इजिप्त ताब्यात घेतला, पण तिथला पैसा त्यानं रोमच्या पैशात मिसळू दिला नाही. तिच्या घराण्यातल्या टॉलेमी राजांची जुनी रीत होती: परकं नाणं बंदरावर बदलून घ्यायचं आणि आत फक्त इथलंच चालवायचं. ती रीत पुढे तीनशे वर्षं चालली. हे टेट्राड्राक्म, म्हणजे चार ड्राक्मांचं नाणं, रोमचा बादशहा टायबेरियस यानं सुरू केलं. इजिप्तमध्ये ते एका रोमन दिनाराच्या बरोबरीनं धरलं जायचं, चांदी कितीतरी कमी असूनही. सीमेबाहेर नेलं तर नुकसान नेणाऱ्याचंच, त्यामुळे ते देशातच फिरत राहिलं. नीरोनं तर ही नाणी इतकी पाडली की पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी पुरलेल्या हंड्यांतही ती सापडतात. म्हणूनच तुला पहिल्या पगारात परवडलं!

आता कागद.

माझ्याकडचं मोठं कांस्य नाणं तुला आठवतंय? लहानपणी तू त्याला 'मगरवालं' म्हणायचीस. रोमचा बादशहा अँटोनायनस पायसचं ड्राक्मा, जवळपास आपल्या बिस्किटाएवढं. उलट बाजूला नाईल नदीचा देव शेषशायीसारखा आडवा रेललाय, हातात बोरू, दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग, खाली मगर. वर्षाचा आकडा झिजलाय, पण देवाच्या डोक्याशी योटा आणि सहासाठीचं एक आकड्यासारखं वळलेलं चिन्ह अजून वाचता येतं. सोळा. हे वर्ष नव्हे, पाण्याची उंची आहे. पूर सोळा हात चढला की सगळा देश पिकला. रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलंय: बारा हात म्हणजे दुष्काळ, तेरा म्हणजे अजूनही भूक, चौदाला हसू, पंधराला निश्चिंती आणि सोळाला आनंदीआनंद. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्या पैठणच्या घराचा ओटा आठवला. तुझे पणजोबा तलाठ्याला विचारायचे, "औंदा आणेवारी किती लावली?" आणि पीक सोळा आणे हे शब्द ऐकायला सगळा ओटा कान टवकारून असायचा. इजिप्तमध्येही पाण्याच्या मापावर साऱ्याचा अंदाज बांधला जायचा. नाण्यावरचा तो सोळाचा आकडा कुणब्यानं आणि सारा वसूल करणाऱ्यानं दोघांनी पाहिला असेल, पण दोघांच्या मनात त्याचा अर्थ वेगवेगळा असणार.

हे नाणं मी तुझ्या जन्माआधी इथल्याच एका नाणेमेळ्यात घेतलं. त्याच्यासोबत एक तपकिरी चिठ्ठी होती, बोटाच्या दोन पेरांएवढी, वर कुणाच्या तरी तिरक्या अक्षरात एक आकडा आणि दोन-तीन शब्द. त्या वर्षी मी नवा लाकडी ट्रे आणला होता, छापील लेबलं केली होती, सगळं कसं नीटनेटकं दिसायला हवं होतं. ती चिठ्ठी आणि तिच्यासारख्या आणखी नऊ-दहा मी कचऱ्यात टाकल्या. माझ्या हातांनी. आईनं विचारलंही होतं, "हे ठेवायचं नाही का?" मी म्हणालो, "त्यात काय आहे?"

पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की त्यात काय होतं. कैरोमध्ये जिओव्हानी दातारी नावाचा एक इटालियन राहायचा. अलेक्झांड्रियाच्या, म्हणजे रोमन इजिप्तच्या या नाण्यांचा त्याच्याएवढा संग्राहक दुसरा झाला नाही, असं मी तरी मानतो. 1901 मध्ये त्यानं आपल्या सहा हजारांहून अधिक नाण्यांची यादी छापली. शिवाय प्रत्येक नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून त्यानं ठसे उतरवले होते, लहानपणी तू रुपयाचे काढायचीस तसेच. 1923 मध्ये तो गेला, नाणी जगभर पांगली, आणि ते पेन्सिलचे ठसे 1999 मध्ये इटलीत त्रिएस्तेला पुस्तकरूपात निघाले. यादी छापल्यानंतर त्यानं जमवलेल्या नाण्यांचेही ठसे त्यात आहेत. आता लोक आपापली नाणी घेऊन त्या पानांशी ताडून बघतात.

मी तीन शनिवार वाचनालयात बसलो. नाईलची पानं संपता संपत नव्हती. माझ्या नाण्याला, घड्याळात चार वाजतात त्या जागी, कडेपासून आत जाणारी एक चीर आहे, थेट मगरीच्या शेपटीपर्यंत. तिसऱ्या शनिवारी दुपारी ती चीर मला कागदावर दिसली. काळ्या पेन्सिलीत पांढरी, केसाएवढी रेघ, त्याच जागी, त्याच शेपटीला टेकलेली. मी नाणं कागदाच्या शेजारी ठेवलं आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. समोरच्या बाईंनी विचारलं, बरं वाटतंय ना तुम्हाला?

म्हणजे दातारीच्या टेबलावर ते होतं हे मला ठाऊक आहे. माझ्या टेबलावर आहे हेही ठाऊक आहे. मधल्या साठ-सत्तर वर्षांत ते कुणाकुणाकडे होतं, हे त्या चिठ्ठीत असणार होतं. तुझ्या हातातला कागद हा तसा आहे. त्यावरचं जर्मन तुला लागत नसेल तर फोटो काढून कुणा वयस्कर सहकाऱ्याला दाखव, जुनं हस्ताक्षर त्यांना वाचता येतं.

यात माझी हौस आहेच, पण त्याहून मोठी गोष्टही आहे. इजिप्तनं 1983 च्या 117 क्रमांकाच्या कायद्यानं पुरावस्तूंचा व्यापार बंद केला. त्याआधी परवान्याची दुकानं होती, कैरोच्या संग्रहालयातच विक्रीचं दालन होतं. त्या काळात रीतसर बाहेर पडलेली नाणी भरपूर आहेत, संग्रह करायला ती पुरून उरतात. पण 2011 नंतरच्या गोंधळात तिथे रात्री-बेरात्री खणाखणी झाली, जुन्या वस्त्यांची चाळण झाली. कागद नसलेलं, खाचांत अजून वाळू अडकलेलं, 'नुकतंच आलंय' म्हणून स्वस्तात मिळणारं नाणं कितीही सुंदर असलं तरी घेऊ नकोस. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. पैठणला पहिला पाऊस पडला की आम्ही पोरं पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, नाणी शोधायला धावायचो. झारेकरी तर नदीकाठची माती धुऊन सातवाहनांची नाणी काढायचे आणि मोडीच्या भावानं विकायचे. हत्तीची ती छोटी नाणी मी स्वतः हाताळली आहेत. कुठल्या थरातून निघाली, शेजारी काय होतं, कुणी कधी लिहिलं नाही. वितळली ती तर गेलीच, उरली तीही मुकी झाली.

आणि याच्या उलट एक गोष्ट सांगतो, माझ्या फार आवडीची. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचं बंदर होतं. आपल्याकडची गलबतं तिथे लागायची. तिथल्या सेरापिस या देवाच्या देवळात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली होती. 2022 मध्ये इसिस देवीच्या देवळात बुद्धाची संगमरवरी मूर्ती निघाली, आणि त्या उत्खननातून सातवाहनांची दोन नाणीही मिळाल्याचं 2023 मध्ये जाहीर झालं. आपल्या पैठणच्या राजांची! तू मागे विचारलं होतंस, तुमची ही अलेक्झांड्रियाची नाणी भारतात सहसा का सापडत नाहीत? कारण ती देशाबाहेर चालतच नव्हती. व्यापारी आपल्याकडे यायचे ते रोमची सोन्याचांदीची नाणी घेऊन. पण आपली दोन तिकडे पोचली, आणि ती देवळात सापडली हे कुणीतरी टिपून ठेवलं, म्हणून तू आणि मी आज त्याविषयी बोलू शकतो. बाजारात मिळाली असती तर ती दोन झिजलेली चकत्याच.

भारतातून मात्र कधी एकही जुनं नाणं इकडे आणू नकोस, आजीनं प्रेमानं दिलं तरी. 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांपलीकडची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

जपणुकीचं थोडक्यात. घासायचं नाही, लिंबू-चिंच-ब्रासो काही नाही. मऊ चिकट प्लास्टिकच्या कप्प्यांचा अल्बम घेऊ नकोस, त्यातून हिरवा चिकटा धरतो. कांस्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली तर ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं ठेव आणि मला कळव. नाणं कडेनं धरायचं, खाली टॉवेल.

पुढचं घ्यायचं झालं तर माझं ऐक आणि 270 ते 272 मधलं ऑरेलियन आणि वाबलाथसचं बघ. एका बाजूला रोमचा बादशहा, दुसऱ्या बाजूला पाल्मिराच्या झेनोबियाचा मुलगा, एकाचं वर्ष पहिलं तर दुसऱ्याचं चौथं, एकाच नाण्यावर दोघांची वर्षं! ते नाणं लहान आणि जाड असतं, चांदी तोपर्यंत नावालाच उरलेली, किंमतही आटोक्यात असते. पण त्याआधी एक काम कर. तू कोलोनमध्ये राहतेस, आणि तुझ्याच गावच्या विद्यापीठात या नाण्यांच्या जगातल्या उत्तम संग्रहांपैकी एक आहे. त्याची पाच खंडांची सूची 1974 ते 1983 मध्ये निघाली. वाचनालयात जाऊन तुझी अलेक्झांड्रिया तिच्यात शोध. वजन आधी करून ने, सोनाराच्या काट्यावर, दशांशासकट.

नाईलचं नाणं मी टपालानं पाठवणार नाही, नाताळात आलीस की तुझ्या हातात देईन. त्याचं पाकीट नवं केलंय, आम्लरहित कागदाचं. त्यावर पेन्सिलीनं लिहिलंय: दातारी, कैरो. खाली दोन ओळी जागा सोडली आहे. मग माझं नाव, मेळ्याचं वर्ष, आणि 'मूळ चिठ्ठी मी टाकून दिली'. त्याखाली तुझं नाव तू लिही.

आई म्हणतेय, तिकडे थंडी वाढली असेल तर ती जाड लोकरी टोपी कपाटात ठेवू नकोस, घाल. आणि कागदाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आज रात्रीच पाठव.

तुझा,
बाबा