संरक्षण उत्पादनात सांगलीच्या लघुउद्योजकांना वाट मिळावी

संपादक महोदय,

ज्या जिल्ह्यात 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, त्याच सांगलीतील मिरज-कुपवाडचे छोटे ओतकाम व यंत्रकाम कारखाने संरक्षण क्षेत्राच्या पुरवठ्याकडे क्वचितच वळतात. कौशल्य नाही असे नव्हे. आयात होणाऱ्या सुट्या भागांची यादी संरक्षण मंत्रालयाच्या ‘सृजन’ पोर्टलवर 2020 पासून आहे आणि सूक्ष्म व लघुउद्योगांना निविदेच्या अनामत रकमेतून सूटही मिळते.

अडते ते त्यापुढे. नमुन्याचा भाग स्वखर्चाने बनवायचा, त्याची धातुपरीक्षा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यायची, मग मंजुरीची वाट पाहायची आणि एवढे करून मागणी निघाली, तर ती शे-पन्नास नगांचीही असू शकते. दहा-पंधरा कामगारांच्या कारखान्याने हा भार कोणत्या भांडवलावर सोसावा? (बँकेचे व्याज मंजुरीसाठी थांबत नाही.) 2006 च्या कायद्याने लघुउद्योगांची देयके जास्तीत जास्त 45 दिवसांत देणे बंधनकारक केले, परंतु ती मुदत माल स्वीकारल्यापासून मोजली जाते, नमुना मंजूर होईपर्यंतचा काळ तिच्यात धरलेलाच नाही.

म्हणून जिल्हा उद्योग केंद्र व औद्योगिक विकास महामंडळाने कुपवाड येथे सामाईक चाचणी केंद्र उभारावे, नमुना मंजूर झाल्यास त्याचा खर्च खरेदीदाराने भरून द्यावा, आणि खडकी, देहूरोड येथील आयुध निर्माणींनी हवे असलेले भाग प्रत्यक्ष सांगलीत आणून दाखवावेत. आराखडा पडद्यावर पाहून दर सांगणे आणि भाग हातात घेऊन सांगणे, यांत फार फरक पडतो.

— एक लघुउद्योजक, कुपवाड (सांगली)