पुरेसा औषधसाठा कोणत्या मजल्यावर आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात चिपळूणच्या पुराच्या तयारीसाठी झालेल्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीची बातमी वाचली. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, भोंगे कुठे बसवले, वाशिष्ठी नदीतला गाळ किती उपसला, सगळं सविस्तर आलंय. बोटी हव्यातच आणि गाळही उपसायलाच हवा. पण आरोग्याच्या वाट्याला सबंध बातमीत एकच वाक्य आलं आहे: पुरेसा औषधसाठा उपलब्ध आहे. ते वाचल्यापासून चैन नाही, म्हणून आज लिहायला बसले.

साठा २०२१ च्या पुरातही होताच. २२ जुलैच्या पहाटे पाणी चढलं तेव्हा ज्या रुग्णालयात आम्ही आईला नेतो तिथलं औषध भांडार तळमजल्यावर होतं. पाणी ओसरल्यावर ती खोली मी डोळ्यांनी पाहिली. फ्रिज आडवा झाला होता, दार उघडं, आतल्या कप्प्यांत चिखल. खोक्यांचा लगदा झालेला आणि त्यातून गोळ्यांच्या पट्ट्या बाहेर आलेल्या. काही पट्ट्या धुतल्यासारख्या स्वच्छ दिसत होत्या. पण गटाराचं पाणी ज्यावरून गेलं ती गोळी कुणाला द्यायची नसते. औषध निर्माण अधिकारी हे येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगत होते आणि लोक त्यांच्याशीच भांडत होते. बरं, भिजलेला माल फेकायचा तर आधी पंचनामा हवा. तोवर ती खोली तशीच अडलेली, म्हणजे नवा माल आला तरी ठेवायला जागा नाही.

त्याच पुरात चिपळूण एसटी आगारातल्या व्यवस्थापकांनी आगाराची नऊ लाखांच्या आसपासची रोकड घेऊन बसच्या टपावर कित्येक तास काढले. साऱ्या महाराष्ट्राने त्यांचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. रोकड कुणाच्या ताब्यात आणि ती बुडाली तर जबाबदार कोण, हे आगारात ठरलेलं असतं. मग इन्सुलिनची, सर्पदंशाच्या लशीची पेटी पाण्याआधी वर कुणी न्यायची, हे रुग्णालयात का ठरलेलं नसतं? रात्री किल्ली कुणाकडे असते? ती व्यक्ती पाण्यापलीकडे राहत असली तर?

आता आईचं सांगते, कारण ते अजून मनातून जात नाही.

आईला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागतं. आमच्या घरातला फ्रिज बुडाला, कपाटाच्या खालच्या कप्प्यातली तिची फाइलही बुडाली. त्या रुग्णालयात वरच्या वॉर्डातल्या फ्रिजमध्ये थोडं इन्सुलिन वाचलं होतं, फ्रिज जनरेटरवर चालू होता. मी मागायला गेले तर उत्तर आलं, "केसपेपर आणा." केसपेपर वाशिष्ठीत गेला म्हटलं. "मग नोंद कशावर करू? उद्या ऑडिटला मी काय दाखवू, ताई?" मी मोबाइलमधला जुन्या चिठ्ठीचा फोटो दाखवला, रिकामी कुपी दाखवली, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले पाय दाखवले. नाही म्हणजे नाही. त्या माणसाचं स्वतःचं घरही पाण्यात होतं आणि तरी तो कामावर आला होता, त्याच्यावर माझा राग नाही. अशा वेळी जुनी कुपी किंवा पट्टी पाहून काही दिवसांचं औषध द्या, नोंद साध्या वहीत करा, जबाबदारी आमची, असा एका ओळीचा लेखी आदेश ज्यांनी त्याच्या हातात आधीच द्यायला हवा होता, त्यांच्यावर आहे. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर चिठ्ठीशिवाय नेहमीचं औषध देण्याची मुभा सरकारने ताबडतोब दिली. तिथे बऱ्याच रुग्णांजवळ आपल्या औषधांची छोटी वहीही असते, तिचा फार उपयोग झाला. आपल्याकडे केसपेपरची दुसरी प्रत म्हणजे आईची आठवण: "ती पांढरी गोळी, मधे रेघ असलेली."

शेवटी इन्सुलिन मिळालं ते मदत केंद्रावर. पुण्याहून आलेली मुलं होती, बिचारी चिखलातून खोकी डोक्यावर घेऊन आली होती. त्यांनी ४० युनिटची कुपी हातात दिली आणि सोबत नारिंगी टोपणाच्या सिरिंजा. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांना कळेल की माझ्या पोटात गोळा का आला. ४० ची म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट औषध असलेली कुपी; तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० च्या, म्हणजे मिलिलिटरला १०० युनिटच्या औषधासाठी असते. ४० चं औषध नारिंगी सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात जातात आठच युनिट. आणि उलट झालं, म्हणजे १०० चं औषध लाल सिरिंजने भरलं, तर वीसच्या जागी पन्नास जातात, माणूस झोपेतच बेशुद्ध होईल. मी हे सांगितल्यावर त्यातला एक मुलगा म्हणाला, "ताई, सिरिंज सिरिंजच ना?" त्याने कुठून शिकावं? त्याच थर्मोकोलच्या पेटीत कुप्या थेट बर्फावर ठेवल्या होत्या. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचं असतं, पण त्याचा अर्थ बर्फ नव्हे. एका कुपीच्या काचेला आतून पांढरे कण चिकटलेले मी स्वतः पाहिले आणि ती बाजूला काढायला लावली. माझ्या पुढे रांगेत कोण कोण काय घेऊन गेलं ते देव जाणे. त्या टेबलामागे एक फार्मासिस्ट बसवणं इतकं अवघड होतं का? तालुक्यात फार्मसी शिकलेली इतकी मुलं आहेत, त्यांची यादी बोटीवाल्यांच्या यादीशेजारी लावायला काय हरकत आहे?

याउलट टॉनिक आणि खोकल्याच्या औषधांच्या बाटल्यांचा ढीग पडला होता. गाळ उपसणाऱ्यांना लेप्टोपासून, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापापासून, बचावासाठी डॉक्सिसायक्लिन हे औषध द्यायचं असतं, आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, आणि गरोदर बायकांना व लहान मुलांना ते द्यायचं नसतं. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली, तेव्हापासून हे सगळ्यांना माहीत आहे. तरी आमच्या आळीत गोळ्या पोचल्या तेव्हा गाळ काढून संपत आला होता. रक्तदाबाच्या, फिटच्या, थायरॉइडच्या गोळ्यांची तर कुणाला आठवणच नव्हती. फिटच्या गोळ्या एकदम बंद झाल्या की काय होतं, हे ज्याच्या घरी रुग्ण आहे त्याला विचारा.

मदतीत आलेल्या औषधांत कापलेल्या पट्ट्याही ढिगाने होत्या. नाव एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर, आणि तो दुसरा तुकडा कुणाच्या तरी घरी. ही खोड पुरापुरती नाही. आमच्या इथल्या दुकानांत आजही चार गोळ्या मागितल्या की कात्री नेमकी तारखेवरूनच फिरते. तारीख आणि नाव शेवटपर्यंत राहील अशा बाजूने पट्टी कापायला दुकानदाराचं काय जातं? यावर आपण एकदा स्वतंत्र बातमी करावी.

पाटबंधाऱ्यांच्या निळ्या आणि लाल पूररेषेवरून आमच्या शहरात किती सभा झाल्या, किती निवेदनं गेली. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे आता रिक्षावाल्यालाही पाठ आहे. बांधकामाची परवानगी, बाजारपेठ, घरं, सगळ्यांचा हिशेब या रेषांवर चालतो. औषधाची खोली या रेषेच्या वर की खाली, हे मात्र एकाही सभेत कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूरही बुडाले, म्हणजे प्रश्न एकट्या चिपळूणचा नाही.

तेव्हा आपल्या वार्ताहरांना विनंती आहे. पुढच्या बैठकीत 'साठा पुरेसा' एवढं लिहून घेऊन उठू नका. भांडार कोणत्या मजल्यावर आहे, औषधाचा फ्रिज जनरेटरला जोडलाय का, रात्री किल्ली कुणाकडे असते आणि केसपेपर वाहून गेलेल्या रुग्णाला औषध द्यायचा लेखी आदेश निघालाय का, एवढं विचारा. जे उत्तर मिळेल ते छापा. मिळालं नाही तर मिळालं नाही असं छापा.

आपली,
एक नियमित वाचक, चिपळूण