हुशार मुलांना दमवायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

प्रशिक्षण म्हटलं की हजेरीची सही, लांबलेली भाषणं आणि शेवटी प्रमाणपत्र, एवढंच आम्हा शिक्षकांच्या डोळ्यांसमोर येतं. तुम्ही मात्र आल्या आल्या आम्हालाच गणितं घातलीत, तीही आम्हाला न सुटणारी. बराच वेळ डोकं खाजवून शेजारच्या सरांनी वही मिटली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "ज्याला पहिलीपासून सगळं झटकन येतं, त्या मुलाला हा अनुभव कधी मिळतो? थेट कॉलेजात मिळाला तर ते गांगरतं. शाळेत, तुमच्यासमोर मिळू दे."

'हुशार मुलं काय, आपली आपण शिकतात' हे स्टाफरूममधलं लाडकं वाक्य. त्यांचं लवकर आटोपलं की आणखी दहा उदाहरणं द्यायची, नाहीतर मागे पडलेल्यांना शिकवायला बसवायचं. पोरं बेरकी असतात. लवकर संपवलं की काम वाढतं हे कळलं, की ती मुद्दाम रेंगाळतात. तुमची रीत उलटी: धडा सुरू होण्याआधीच चाचणी घ्या, जे येतंय ते सरळ गाळा आणि वाचलेल्या वेळात खोल पाण्यात उतरवा. अभ्यासक्रम बुडेल, अशी कुरकुर आमच्यातून झालीच. त्यावर तुम्ही जोसेफ रेन्झुली आणि सॅली रीस या शिक्षणतज्ज्ञांच्या गटाचा १९९३ चा अमेरिकेतला अभ्यास पुढे ठेवलात. तिथे प्राथमिकच्या हुशार मुलांचा निम्म्याच्या आसपास अभ्यासक्रम गाळूनही गुण घसरले नव्हते. माध्यमिकचं गणित वेगळं असतं हे खरं, पण कुरकुर थांबली.

वर्गात काय बदललं ते सांगते. कोणत्याही चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले की समांतरभुज चौकोन मिळतो. एका मुलीला हे आधीच सिद्ध करता येत होतं. तिला विचारलं, "आतला चौकोन चौरस निघाला, तर बाहेरचा चौरसच असेल?" ती ताडकन 'हो' म्हणाली. मी हो-नाही काहीच बोलले नाही. हे गप्प राहणंही तुमचंच देणं, आणि शिक्षकाला सगळ्यात अवघड. तिने आकृत्या काढल्या, खोडल्या, थोडी चिडलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी आली ती पतंगाची आकृती घेऊन. कर्ण समान आणि एकमेकांना लंब, बाजू मात्र सारख्या नाहीत, तरी आतला चौकोन चौरसच. "कर्ण बघायचे होते मॅडम, बाजू नाही!" मग तिनेच पुढचं काढलं: बाहेरच्या चौकोनाचे चारही शिरोबिंदू एका प्रतलात नसले तर? त्याच्या सिद्धतेवर आम्ही दोघी फळ्यापाशी भांडलो. तसंही समांतरभुज चौकोनच मिळतो.

'अशी मुलं ओळखायची कशी, एखादी चाचणी द्या ना' हा आमचा हट्ट तुम्ही पुरवला नाहीत, तेही बरंच झालं. लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये बुद्ध्यंक मोजून कॅलिफोर्नियातली असामान्य मुलं निवडायला घेतली. त्या चाळणीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही मुलं बाहेर राहिली, आणि पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते त्या दोघांना, १९५६ आणि १९६८ मध्ये. तेव्हापासून मी अवघड प्रश्न सगळ्या वर्गापुढे टाकते. कोण चिवटपणे त्याला चिकटून राहतं ते बघते. बेताचे गुण मिळवणारी एक-दोन मुलं त्यात अनपेक्षितपणे चमकली.

आभारांसोबत एक मागणी. पुढच्या तुकडीत मुख्याध्यापकांनाही बसवा. हुशार मुलगी एका प्रश्नावर दोन तास घालवते आणि वही कोरी दिसते, तेव्हा वही तपासायला येणाऱ्याला काय सांगायचं, हे अजून आम्हाला एकट्यानेच निभवावं लागतं. आणि भाषा विषयाच्या शिक्षकांसाठी असंच शिबिर कधी घेताय? आमच्या मराठीच्या बाई रोज विचारतात.

आपली,
माध्यमिक शाळेतली गणिताची एक शिक्षिका