सँडहर्स्ट रोडचा वरचा मजला

उपनगरी रेल्वेच्या विद्युतीकरणाची शंभरी झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटी) ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली. त्या मार्गावरचे सँडहर्स्ट रोड स्थानक मात्र या कौतुकात मागेच राहिले, याचे वाईट वाटते.

या छोट्या स्थानकाची रचना मुद्दाम थांबून पाहावी अशी आहे. खाली मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरच्या धीम्या गाड्यांचे फलाट, वर गोदीच्या बाजूने जाणाऱ्या हार्बर मार्गाचे. सीएसएमटीला हार्बरचे फलाट पश्चिमेच्या टोकाला, पण हार्बरच्या गाडीला जायचे असते पूर्वेला, गोदीकडे. दाट वस्तीतून जमिनीवर वाट काढणे शक्य नव्हते. म्हणून मस्जिद स्थानक सोडल्यावर रूळ उंचावर चढवले, मुख्य मार्गावरून पलीकडे नेले आणि डॉकयार्ड रोडकडे वळवले. शंभर वर्षांपूर्वीची ही आखणी आजही हार्बरचा सगळा भार पेलते आहे.

लॉर्ड सँडहर्स्ट हे १८९५ ते १९०० या प्लेगच्या काळातले मुंबईचे गव्हर्नर. त्यांच्या नावाचा रस्ता आता सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला आहे, आणि स्थानकाला डोंगरी नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २०२४ मध्ये केला. नाव जरूर बदलावे. डोंगरी हे तिथल्या माणसांचे नाव आहे. पण नवी पाटी लावताना वरच्या फलाटावर या उन्नत मार्गाचा नकाशा आणि १९२५ चा इतिहास मराठीत लावावा, एवढी रेल्वे प्रशासनाला विनंती.

— एक प्रवासी, माझगाव, मुंबई